येथे बसू

दोनशे खुर्च्या. ऐरोलीचं समाजमंदिर.
टेम्पो मागे घेतला तेव्हा साडेतीन वाजलेले.
मढवीशेठ फोनवर : नीट मोजून उतरव रे,
आपल्या किती उरल्यात ते मलाही नाही माहीत.

मला माहीत आहे. पाठीवरचे पिवळे आकडे माझ्या हातचे.
पंचेचाळीसला भोक, घणसोलीच्या हळदीत कुणीतरी विडी टेकवली.
एकोणनव्वदचा पाय आखूड, ती नेहमी भिंतीला.
त्या मार्चनंतर सगळ्याच वाशीला गेल्या,
प्रदर्शनाच्या शेडमध्ये, जिथे आधी सोफे मांडायचे,
आणि नंतर शाळेत, लसीच्या रांगेला.
रोज संध्याकाळी मी नि बाळाराम
फवाऱ्याने धुवायचो त्यांना.
बोटांची सालं निघायची.
उचलली की गार, ओली, हॉस्पिटलच्या वासाची.
कोण बसलं होतं, विचारायचं नाही.

एकाआड एक चिकटवलेलं : येथे बसू नये.
रॉकेल, ब्लेड, नख, सगळं करून झालं.
एकशे बारावर फक्त 'नये' निघालं.
राहिलं ते : येथे बसू.
बाळाराम म्हणाला, बघ, विचारतेय.

मी मांडायला लागलो. पहिली रांग, दुसरी,
तर शिरसीकर मॅडम धावत आल्या,
अहो, हे काय, एवढं अंतर!
खरंच की. पायच आपोआप दोन पावलं मोजत होते.
जवळ लावा, म्हणाल्या, कोपराला कोपर लागू दे.
आणि स्वतःचा मास्क नाकावर ओढला.

खोटं कशाला सांगू, मी गाणं कधी ऐकलं नाही.
अठरा वर्षं मंडळाच्या खुर्च्या लावतोय,
माणसं बसली की मी टेम्पोत आडवा.
भैरवी लागली की बाळाराम मला हलवतो.
भैरवी म्हणजे आमची शिट्टी : उठा, गोळा करा.

त्या संध्याकाळी झोप नाही आली.
आतून खुर्च्यांचा आवाज आला,
फरशीवर पाय ओढल्याचा, कर्रर, कर्रर,
कुणी म्हणतंय सरका, कुणी पिशवी ठेवून जागा अडवतंय,
कुणी 'अय्या, तुम्ही! आणि हे?'
म्हणून मधेच गप्प झालंय.
तो कर्रर ऐकून मी उठलो.

शेणॉयांचा पोरगा हातोडीने तबला ठोकत होता,
इतका वेळ, की मला वाटलं दुरुस्तीच चाललीय.
माझ्याशेजारचे आजोबा म्हणाले,
दोन वर्षं डबे पोचवत होता बिचारा, चामडं रुसलंय.
ताईंनी डोळे मिटले. पहिला सूर फाटला.
हसल्या. पाणी प्यायल्या. पुन्हा लावला.
मधेच कुणी खोकलं, अख्खी रांग वळली,
आणि खोकणाऱ्याने दोन्ही हात वर केले,
पोलिसांपुढे करतात तसे.
तंबोऱ्यावरची मुलगीसुद्धा फिसकन हसली.

शेवटच्या रांगेत एकशे बारा रिकामी. बसलो.
काय गायल्या, नाव नाही सांगता येणार.
एवढं कळलं, की त्या एका जागी जाऊन थांबत होत्या,
जिना चढताना दम खायला माणूस थांबतं तशा,
आणि सगळा हॉल त्यांच्यासाठी त्या पायरीवर उभा,
घरी जायची कुणालाच घाई नाही.

भैरवी लागली. बाळाराम दारातून खुणावायला लागला.
मी नुसता पंजा दाखवला, थांब.
शिट्टी झाली आणि मी बसून,
अठरा वर्षांत पहिल्यांदा.

टाळ्या. पाया पडणं. पांगापांग.
मग एकात एक चढवत गेलो, दहा-दहाची चळत.
एकशे नव्याण्णव. दोनशे. भरल्या.

कोमट होत्या.
प्लास्टिक धरून ठेवतं थोडा वेळ.
एकीत दुसरी बसवताना तळहाताला लागत होतं ते.
बाळारामला काही बोललो नाही,
फक्त ताडपत्री
जरा सावकाश ओढली.